पानथरी : अज्ञान आणि अन्यथाज्ञान

जीवाच्या बद्धतेचा विचार करताना ब्रह्मविद्या अज्ञान आणि अन्यथाज्ञान या दोन गोष्टी निरनिराळ्या मांडते. वस्तू न कळणे हे अज्ञान होय. वस्तू आहे त्याहून वेगळी कळणे, आणि आपणास ती कळली अशा समजुतीने निश्चिंत होणे, हे अन्यथाज्ञान होय. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्यास एखादे रोप ओळखू आले नाही तर तो थांबतो, शेजाऱ्यास विचारतो. तेच रोप त्याला तण म्हणून ‘ओळखू’ आले तर तो ते उपटून धुऱ्यावर फेकतो. पहिल्याच्या हातून काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या हातून बिघडते, आणि बिघडले हे त्याला कळतही नाही. शास्त्रात हे शब्द जीवस्वरूपाविषयी ज्या सूक्ष्म अर्थाने येतात, तो अर्थ येथे लौकिक ज्ञानास लावला आहे, एवढे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे. तथापि एकच दोष परमार्थात आणि व्यवहारात कसा सारखा वागतो, हे पाहण्यास मनुष्याच्या देहातील एका उपेक्षित अवयवाचे उदाहरण फार उपयोगी पडते. तो अवयव म्हणजे प्लीहा, लोकभाषेत पानथरी.

पानथरी डाव्या कुशीत, फासळ्यांच्या आड, जठराच्या मागे असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम भरते. निरोगी शरीरात ती हाताला लागत नाही, म्हणून धट्ट्याकट्ट्या माणसास तिचे नावही ठाऊक नसते. हिवतापाने ती वाढली, फासळीखाली उतरली, म्हणजे ‘पानथरी झाली’ असे म्हणतात. मराठीत अवयवाचे नाव आणि रोगाचे नाव एकच झाले, यातच तिची सारी उपेक्षा आली. आयुर्वेदाने मात्र यकृत आणि प्लीहा ही रक्तवाही स्रोतसांची मूळे मानली होती. मानले खरे, पण तेथे ती नेमके काय करते याचा उलगडा त्या काळच्या साधनांनी होण्याजोगा नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकाने शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविल्यावर निराळीच गोष्ट घडली. पानथरी काढून टाकली तरी माणूस मरत नाही, जखम भरते, तो घरी जातो, कामाला लागतो, असे शल्यवैद्यांस दिसून आले. त्यावरून ‘हिच्यावाचून चालते’ असा निष्कर्ष निघाला आणि पुढे ‘हिचे काही काम नाही’ असा त्याचा अर्थ झाला. अपघातात तिला लहानशी चीर गेली तरी ती समूळ काढण्याची वहिवाट पडली. वस्तुतः ही दोन विधाने एक नव्हेत. घराला कडी नसली तरी घर पडत नाही. कडी कशासाठी होती ते चोर येईल त्या रात्री कळते.

ती रात्र पुष्कळांवर आली, पण तिचा संबंध कोणी पानथरीशी लावला नाही. १९१९ साली मॉरिस आणि बुलक या दोघा संशोधकांनी पानथरी काढलेले उंदीर संसर्गापुढे लवकर बळी पडतात असे दाखवून माणसाविषयीही सावधगिरीचा इशारा दिला होता. तो तसाच पडून राहिला. १९५२ साली अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या शल्यवैद्यांनी पाच तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्ताच्या एका जन्मजात विकारासाठी या मुलांच्या पानथऱ्या काढल्या होत्या, आणि पुढे त्यांना मेंदूच्या आवरणाचे किंवा रक्ताचे भयंकर जंतुसंसर्ग झाले. त्यानंतर वैद्यकाची दृष्टी बदलू लागली. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन पानथरी गमावलेल्या ७४० अमेरिकी सैनिकांच्या आयुष्याचा मागोवा घेऊन १९७७ साली जो अहवाल आला, त्यात फुप्फुसदाहाने आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अधिक आढळले. म्हणजे तीस वर्षे ‘काही झाले नाही’ असे समजून जगलेल्या माणसांच्या बाबतीतही काही झालेलेच होते.

आज पानथरीचे कार्य बरेच स्पष्ट झाले आहे. रक्त तिच्या अरुंद वाटांतून सावकाश वाहते आणि गाळले जाते. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी तेथे अडकून मोडीत निघतात. ज्या जंतूंच्या अंगावर साखरेचे गुळगुळीत वेष्टण असते, विशेषतः फुप्फुसदाह उत्पन्न करणारे, ते शरीरातील इतर रक्षक पेशींच्या हाती सहज सापडत नाहीत. त्यांना पकडण्याचे मुख्य ठाणे पानथरी हेच आहे. २००९ साली बोस्टन येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखविली. एका जातीच्या रक्षक पेशींचा मोठा साठा पानथरी राखून ठेवते आणि हृदयाला इजा होताच तो तिकडे रवाना करते. शेकडो वर्षे फाडून पाहिलेल्या अवयवात एवढी मोठी कोठी कोणाला दिसली नव्हती.

हे सारे झाडीपट्टीतील वाचकास परदेशची कथा वाटू नये. गोंदिया शहराला लागून असलेले मुर्री घ्या, किंवा भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडचे कोणतेही गाव घ्या. या मुलखात सिकलसेल हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या वैद्यकतज्ज्ञांनी १९५८ साली मध्य भारतात हा रक्तदोष आढळतो असे प्रसिद्ध केले. आदिवासींत, अनुसूचित जातींत आणि इतरही काही समाजांत तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या रोगात तांबडी पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. रक्तवाहिन्यांच्या बारीक फाट्यांत अशा पेशी अडकल्या म्हणजे हाडे ठणकतात, सांधे सुजतात, छाती भरून येते. हे दुखणे दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. परंतु वाकड्या पेशींना अडकण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे पानथरीच्या त्या अरुंद, संथ वाटा. तेथे त्या वरचेवर अडकतात, तेथील मांस थोडे थोडे मरत जाते, आणि मूल चालण्या-बोलण्याच्या वयात असतानाच त्याची पानथरी आपले काम सोडू लागते. रडणे नाही, सूज नाही. बाहेरून काही कळत नाही.

भारतातील रोग्यांत गर्भावस्थेतील रक्तद्रव्य अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे रोगाचे स्वरूप पुष्कळदा काहीसे सौम्य असते आणि पानथरी मोठ्या वयापर्यंत हाताला लागते. येथे पुन्हा अन्यथाज्ञानास वाव आहे. पानथरी हाताला लागते, एवढेच नव्हे तर मोठी लागते, तेव्हा ती शाबूत असणार असे मानण्याचा मोह होतो. पण वाढलेली पानथरी काम करणारी असेलच असे नाही. कधी तर शरीरातील बरेचसे रक्त एकाएकी तिच्यातच साचते, मूल पांढरेफटक पडते, आणि काही तासांत जिवावर बेतते. कुशीतील गाठ झपाट्याने वाढते आहे हे आईच्या हाताला कळले तर तोच त्या लेकराचा पहिला बचाव असतो. ज्या अवयवाकडे शल्यवैद्यांच्या पिढ्यांनी दुर्लक्ष केले, तो रोज चाचपून पाहण्यास आज डॉक्टर अडाणी मातेस शिकवितात.

१९८६ साली अमेरिकेत २१५ सिकलसेलग्रस्त बालकांवर केलेल्या परीक्षणाचे फळ प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली होती. पेनिसिलिन घेणाऱ्यांत गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले, आणि परीक्षण ठरल्याआधीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. स्वस्त गोळी ती. पानथरीचे काम काय आहे हे ज्ञात नसते तर ती कशासाठी द्यावी हेच कोणाला सुचले नसते.

दृष्टांतपाठात हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला, त्याने तोच हत्ती मानला. या दृष्टांताचे तात्पर्य ज्ञानियांच्या एकदेशी ज्ञानाविषयी आहे, ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पण एक बारीक गोष्ट सहज निसटते. त्यांतील एकाही आंधळ्याने ‘येथे काही नाही’ असे म्हटले नाही. त्यांचे ज्ञान अपुरे होते, तरी त्यांनी हाताला लागलेल्या वस्तूस काहीतरी मानले. अवयव हाती धरून, त्याचे तुकडे करून, त्यात काही अर्थ नाही असे ठरविणे ही त्याही पुढची पायरी होय.

पंथाच्या पोथ्यांची कथाही अशीच नाही काय? सकळा आणि सुंदरी या लिप्यांत लिहिलेली पंथीय पोथी बाहेरच्या विद्वानाच्या हाती पडली तर त्यास ती अर्थहीन अक्षरांची रास वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि आद्य मराठी गद्याचे भांडार जगापुढे आले. अर्थ पोथीत पूर्वीही होता.

अन्यथाज्ञानातून हिंसा कशी उपजते याचे याहून दारुण उदाहरण छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात असे दिसून आले की, झोपेत एकाएकी मरण पावलेल्या तान्ह्या मुलांची ही ग्रंथी, शरीरशास्त्राच्या ग्रंथांत दिलेल्या मापापेक्षा फार मोठी असते. ती श्वासनलिकेवर दाब देते म्हणून मूल दगावते, असा तर्क निघाला आणि १८८९ साली त्यास रोगाचे नावही मिळाले. पुढे प्रतिबंध म्हणून हजारो निरोगी मुलांच्या गळ्यावर आणि छातीवर क्षकिरण सोडण्यात आले. १९५० साली या किरणांचा आणि पुढे होणाऱ्या गळ्यातील ग्रंथीच्या कर्करोगाचा संबंध उघडकीस आला. आता मूळ चूक कोठे होती ती पाहावी. ग्रंथांत दिलेले ‘योग्य’ माप ज्या प्रेतांवरून घेतले होते, ती बहुतांशी दरिद्री लोकांची प्रेते होती. कारण विच्छेदनासाठी बेवारशी आणि गरिबांचीच प्रेते मिळत. उपासमारीने आणि दीर्घ आजाराने थायमस आक्रसते. आक्रसलेली ग्रंथी हे प्रमाण ठरले आणि सुदृढ मुलाची भरलेली ग्रंथी हा रोग ठरला. गरिबाचे दुःख कोणी पाहिले नाही, आणि ते न पाहण्याची शिक्षा श्रीमंताच्या लेकरांस भोगावी लागली. या ग्रंथीचे खरे कार्य १९६१ साली लंडन येथे जाक मिलर यांनी नवजात उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींच्या एका मोठ्या वर्गाची घडण तेथे होते. तरीही मोठ्या माणसात ती निरुपयोगी असते ही समजूत राहिलीच, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी ती काढली जात राहिली. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत थायमस काढलेल्या प्रौढांपैकी पाच वर्षांत ८.१ टक्के मरण पावले, आणि तशाच शस्त्रक्रिया होऊनही ती राखलेल्यांपैकी २.८ टक्के. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, म्हणून तिच्यावरून शेवटचा शब्द उच्चारता येत नाही. परंतु हात आवरण्यास एवढे पुरेसे आहे.

येथे उत्साही वासनिकांकडून एक उलट चूक होण्याचा संभव असतो. देहातील प्रत्येक कण प्रयोजनासाठीच आहे, विज्ञान आज ना उद्या ते सिद्ध करील, आणि मग परमेश्वराच्या कर्तृत्वास प्रमाण मिळेल, असे बोलणे प्रवचनांत ऐकू येते. ते बरोबर नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ विडर्सहाइम याने १८९३ साली मनुष्यदेहातील ८६ अवशिष्ट भागांची यादी केली. त्यांतील काहींची कार्ये पुढे सापडली हे खरे. आंत्रपुच्छाविषयीही २००७ साली काही संशोधकांनी असा तर्क मांडला की, अतिसाराने आतडे धुऊन निघाल्यावर हितकर जंतूंचे बी तेथून पुन्हा पसरते. हा तर्क विचारणीय आहे, सिद्धांत नव्हे. आणि सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याच्या बेतात असता या तर्कावर विसंबून राहणारा प्राणास मुकेल. कान हलविणारे स्नायू बहुतेकांच्या काही कामाचे नाहीत. मनगटाकडे येणारी एक लांब शीर पुष्कळ माणसांत जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही. ‘कार्य नाही’ असे घाईने म्हणणे जसे अन्यथाज्ञान, तसे ‘कार्य असलेच पाहिजे’ असे पुराव्यावाचून म्हणणेही अन्यथाज्ञानच. शिवाय देह हा प्रपंच होय. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार पदार्थांची व्यवस्था ज्याने अभ्यासली, त्याने प्रपंचातील एका मांसखंडाच्या गुणांवर परमेश्वराची प्रतिष्ठा टांगून ठेवू नये. उद्या तो गुण खोटा ठरला तर काय करणार?

यावर दुसरा पक्ष असा उभा राहील की, देह जर प्रपंच आणि नाशवंत, तर त्यातील पानथरी राहिली काय आणि गेली काय, भिक्षूस त्याचे काय? असे बोलणाऱ्यास स्वतःच्या देहाविषयी हे बोलण्याचा अधिकार असेल. दुसऱ्याच्या लेकराच्या देहाविषयी तो त्यास कोणी दिला? वैराग्य हे स्वतःच्या भोगाविषयी असते. परक्याच्या दुःखाविषयी दाखविलेले वैराग्य हे निष्ठुरपणाचे दुसरे नाव होय. अहिंसा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्यांनी तर हे विसरूच नये.

आता मूळ प्रश्न राहतो, आणि तोच कठीण आहे. पानथरीचे कार्य सापडले म्हणून ती राखावी, हे ठीक. पण कार्य सापडलेच नसते तर? उपयोग हीच जर राखण्याची कसोटी असेल, तर उपयोग सापडेपर्यंतचा काळ त्या वस्तूने कोणाच्या आधारे काढावा? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयास पारध्यांपुढून पळत आलेला ससा आल्याची लीळा सर्वांस ठाऊक आहे. त्या सशाचा उपयोग काय होता? कोणाच्याच दृष्टीने काही नव्हता. असलाच तर तो पारध्यांना होता. श्रीप्रभूंनी त्याचे गुण तपासले नाहीत. तो भयभीत होऊन आला होता, एवढेच त्याचे प्रमाणपत्र. विज्ञान उपेक्षित अवयवाचा उपयोग शोधून त्याचा बचाव करते, आणि तो बचाव चांगलाच आहे. परंतु तो लाभाच्या भाषेत केलेला बचाव आहे. शरीरातील अवयवाच्या बाबतीत ती भाषा चालून जाते, कारण अवयव शरीरासाठी असतो. माणसाच्या बाबतीत ती चालत नाही. म्हातारा, पांगळा, वरचेवर अंथरुणास खिळणारा सिकलसेलचा तरुण, ज्याच्या हातून रोवणी होत नाही की मजुरी होत नाही, त्याचे ‘कार्य’ शोधून मग त्यास घरात ठेवावयाचे काय? पानथरीच्या इतिहासापासून अवयवांविषयी सावधपणा शिकावा. माणसांविषयी मात्र त्या इतिहासाने शिकविले त्याहून अधिक काही हवे, आणि ते लीळांत आहे.

व्यवहारात या रोगाची कुचंबणा याच जागी होते. सिकलसेलचा वाहक सामान्यतः निरोगी असतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भामागे रोग होण्याचा संभव चारांत एक. रक्ताची साधी तपासणी केली तर हे आधीच कळते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिच्यात तपासणी आणि रंगीत कार्डे देण्याची योजना आहे. तरी सोयरीक जुळविताना कार्ड दडविले जाते, कारण ते दाखविले की मुलीस ‘खोट’ ठरविले जाते. कुळाला लागलेला कलंक म्हणून जो रोग लपविला जातो, तो कुळात पुन्हा पुन्हा जन्मतो. स्वामींच्या मार्गाने जातीची उच्चनीचता मानली नाही. त्या मार्गाच्या वासनिकांच्या घरी रक्ताचे कार्ड पेटीच्या तळाशी का पडून राहावे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे.

भिक्षेसाठी फिरणाऱ्या महात्म्यांपुढे यातून एक नाजूक प्रसंग उभा राहतो. आषाढ-श्रावणात झाडीपट्टीत रोवण्याची घाई असते. घरातील सारे बांधीत असतात आणि ओसरीवर सिकलसेलचे लेकरू तापाने फणफणत पडलेले असते. म्हातारी सांगते, ताप आहे, उतरेल दोन दिवसांत. निरोगी मुलाचा ताप खरोखरच दोन दिवसांत उतरतो. पानथरी गमावलेल्या मुलाचा ताप संध्याकाळपर्यंत रक्तात भिनू शकतो आणि दुसरी सकाळ दिसेलच असे नाही. अशा ठिकाणी भिक्षूने बोलावे काय? औषधे वाटणे, रोग निवारण्याचा व्यवसाय करणे हा त्याचा आचार नव्हे, आणि त्याने तसे करूही नये. परंतु ‘आजच्या आज दवाखान्यात न्या’ हे सांगणे म्हणजे वैद्यकी नव्हे. यावर कोणी म्हणेल की, भोग आहे तो भोगल्यावाचून सुटत नाही. भोग कोणता, किती, आणि तो याच तापाने संपावयाचा की नाही, हे त्या बोलणाऱ्यास कळलेले असते काय? कळलेले नसते. न कळता कळल्यासारखे बोलणे याचे नाव या लेखाच्या आरंभीच सांगितले आहे. मुर्रीहून गोंदियाचे शासकीय रुग्णालय हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ आहे. आतल्या रानातील गावांस ते तसे नाही, आणि तेथे म्हातारीला बांधीतून मुलाच्या बापास बोलावून आणावयास पाठविण्यात जो अर्धा तास जातो तोही मोजावा लागतो. तेवढा वेळ भिक्षूने झोळी खाली ठेवून त्या लेकराजवळ बसावे. भिक्षा पुढच्या घरी मिळेल.